काका, झाका नं त्याइले!

हिरव्या मिरचीचं टोक आधी स्वतः चावून बघायचं आणि मगच ती मिरची पिंजऱ्यात सरकवायची, असा शेजारच्या काकांचा नियम होता. तेही पहाटे, तोंड धुवायच्या आधी. "फिकी मिरची देऊन त्याइले फसवाचं नाही," म्हणायचे. मिरची झणझणीत निघाली की डोळ्यांना धार लागायची आणि चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

काका जंगलखात्यात नाकेदार होते. सगळी नोकरी बैहरकडच्या रानात गेली. तिथे तोडलेल्या एका झाडाच्या ढोलीत त्यांना पोपटाची दोन पिल्लं सापडली. निवृत्त होऊन बालाघाटला आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर ती दोघंही आली, आणि माझं नशीब असं की ती नेमकी माझ्या खिडकीशेजारी आली. दोन्ही अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे पेरूचं झाड, आणि त्या झाडाला पिंजरा.

पोपट म्हणजे 'विठू विठू' अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा पोपटाशेजारी झोपून बघावं. मी तेव्हा दवाखान्यात नर्स होते, बाळंतिणींच्या वॉर्डात. संध्याकाळची पाळी संपवून घरी येईपर्यंत मध्यरात्र व्हायची. डोळा लागतो न लागतो तोच उजाडायला सुरुवात व्हायची आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज कानात शिरायचा. एकाने सुरुवात केली की दुसरा मागे राहायचा नाही. मी अंथरुणातूनच ओरडायचे, "काका, झाका नं त्याइले!"

लगेच उत्तर यायचं, "हौ सिस्टरबाई, उद्यापासून!"

आणि मग काका मिरची चावायचे, भिजवलेली चणाडाळ वाटीत घालायचे, आणि पोपट गप्प व्हायचे. तोवर माझी झोप उडालेली असायची. ते 'उद्या' काही कधी उगवलं नाही.

उपाय मी कमी केले नाहीत. पिंजऱ्यावर जाड कापड घाला म्हटलं. काकांनी आपला जुना खाकी कोट उसवून खोळ शिवली. आठवड्याभरात त्या दोघांनी तिला भोक पाडलं आणि त्यातून चोच बाहेर काढून ओरडू लागले. पिंजरा पलीकडच्या बाजूला टांगा म्हटलं, तर तिकडचे मास्तर भांडायला आले. दाणापाणी उन्हं वर आल्यावर द्या म्हटलं. त्या दिवशी पोपट ओरडत होते आणि काका उपाशी बसले होते, कारण पाखरांनी खाल्ल्याशिवाय ते चहाचा घोट घेत नसत. शेवटी काकूच भिंतीशी आल्या. "सिस्टरबाई, तुमच्यापायी हा म्हातारा चहाबिगर मरन नं माहा!"

एक दिवस मात्र माझा तोल सुटला. आदल्या रात्री वॉर्डात सुई भरताना माझे डोळे मिटले होते. क्षणभरच, पण मी घाबरले होते. सकाळी तशीच भिंतीशी गेले. "काका, माह्या हाती सुया रायतेत. झोपेत हात चुकला तं? काहून ठेवता हे पाखरं? सोडून द्या एकदाचे!"

काकांनी पिंजऱ्याच्या दारावर हात ठेवला. मग म्हणाले, "झाड आमीच तोडलं, बाई. आता कुठं सोडू?"

मी घरात परतले. कापसाचे बोळे कानात घालून झोपायला लागले. उपयोग शून्य. पहाटेची आरोळी चालूच राहिली.

दिवाळीत मी गोंदियाला भावाकडे गेले. पाहुणचार राहू द्या, मी फक्त झोपले. परत आले तर काका भिंतीवर रेलून वाटच बघत होते. "बरं झालं आले तुमी. तुमी नव्हत्या तं यायनं धड खाल्लंच नाही."

"काहून?"

"मी ठेवलं ते तसंच रायलं. त्याइले आदतच तशी पडली नं. घरात घडी कोन पाह्यते? तुमी ओरडल्या का मी मिरची देतो. त्याइले वाटते, तुमीच जेवाले बोलवता."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे इतकी वर्षं पोपटांना गप्प करायला मी ओरडत होते, आणि ते माझ्या ओरडण्याची वाट बघत ओरडत होते! त्या पहाटेपासून मी तोंड दाबून पडून राहायचं ठरवलं. पण त्यांनी असा काही गिल्ला केला की हरून मीच पुन्हा ओरडले. पलीकडून उत्तर तयारच होतं, "हौ सिस्टरबाई, उद्यापासून!"

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या छातीत दुखू लागलं. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. निघताना त्यांनी जीपमधून मान बाहेर काढून मला मिरच्यांबद्दल काहीतरी सांगितलं, पण इंजिनाच्या आवाजात मला ते नीट ऐकू आलं नाही. काका परत आले नाहीत.

त्यानंतर पहाटे शांतता झाली. जिच्यासाठी मी इतकी वर्षं डोकं फोडून घेतलं तीच शांतता, आणि मला तिच्यात झोप येईना. सुतकाच्या दिवसांत एका सकाळी काकू भिंतीशी आल्या. हातात वाटी, वाटीत कालची डाळ तशीच फुगून आंबलेली.

"खात नाही हो. पंख फुगवून कोपऱ्यात बसून रायतेत. हेही जातेत वाटते," त्या म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "सिस्टरबाई, एक डाव ओरडा नं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी अंथरुणात उठून बसले. त्या आरोळीतला पहिलाच शब्द होता 'काका'. ज्याला हाक मारायची तो माणूसच पलीकडे नव्हता. पण वाक्य बदललं तर पाखरांना कसं कळणार?

"काका," मी ओरडले, "झाका नं त्याइले!"

आधी काहीच नाही. मग एकाने कर्कश आवाज काढला, आणि लगेच दुसऱ्याने. पेरूचं झाड दणाणून गेलं. मी खिडकी उघडली. काकू पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी हातातल्या मिरचीचं टोक दातांनी तोडलं, चावलं, आणि पदराने डोळे पुसत मिरची आत सरकवली.