पाटावर कोण बसलंय?

आमच्या बीबी गावात कुणाची वस्तू सापडेनाशी झाली, की लोक देवाला नारळ बोलायचे. आमचे नाना आधी पंगत पाहायचे.

नाना म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरच्या फोटो स्टुडिओचे मालक. लग्नाचं शूटिंग ते करायचे आणि एडिटिंग मी. बी.एस्सी. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत पोरीचा वेळ जावा, म्हणून घरच्यांनी मला तिथे चिकटवलं होतं. लग्न लवकर ठरेना आणि मी तिथे चांगली रमले. एखादी फाईल सापडली नाही, की मी एकामागून एक फोल्डर उघडत सुटायची. नाना मागून ओरडायचे, "काऊन उकरून राह्यली व सुनंदे? पंगत पाह्यली का आधी?"

पंगत पाहायची म्हणजे कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत 'फाइंडमाउंट' असं टाइप करायचं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनी आमची जुनी सिस्टीम पार झोपवली, तेव्हा मलकापूरहून नानांचा इंजिनिअर भाचा आला आणि त्यानं लिनक्स बसवून दिलं. यात सी, डी असे वेगळे कप्पे नसतात, सगळं एकाच मुळापासून फुटतं, आणि बाहेरची डिस्क जोडली की ती एखाद्या रिकाम्या फोल्डरवर येऊन बसते, हे त्या बिचाऱ्यानं नानांना घाम पुसत पुसत समजावलं. नानांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे फोल्डर हा पाट अन् डिस्क हा पाहुणा. पाट मांडेल हाये म्हनून पाहुणा आला असं नाही. वाढाच्या आधी कोन कोन बसलं ते पाहून घ्या. इतकंच ना?"

भाच्यानं रुमाल खिशात घातला. "हो मामा, इतकंच."

मग नानांनी डिस्कची बारशी केली. मोठी काळी डिस्क 'मामा', कारण ती जड होती आणि तिला हलायला वेळ लागायचा. सुरू होताना करकर करायची ती 'आत्या'. हे नाव नानांच्या सख्ख्या बहिणीला कळलं तेव्हा तिनं वर्षभर स्टुडिओची पायरी चढली नाही. फाइंडमाउंट म्हटलं की ही सगळी पाहुणेमंडळी पडद्यावर एकाखाली एक उभी राहायची: कोण, कुठल्या पाटावर, कुठल्या जातकुळीचा. नुसतं मामाचं नाव घेऊन विचारलं आणि मामा जागेवर असला, तर तेवढी एकच ओळ यायची. नसला तर काहीच नाही. मला त्या गप्प बसण्याचा फार राग यायचा. नाना म्हणायचे, "हाक मारली अन् ओ नाही आली, म्हंजे मानूस घरात नाही. त्यात रागावाचं काय हाये?"

नानांची दुसरी खोड मात्र मला खरोखर छळायची. शूटिंग करताना त्यांचं तोंड बंद नसायचं. डोळा कॅमेऱ्याला, पण जीभ सगळ्या मांडवात. "अवो विहीनबाई, हासा ना जरा, दात का लॉकरमंदी ठेवले?" "नवरदेवा, घाम पुस बे, फाशी नाही, लग्न हाये." लोक हसायचे, चित्र झकास यायचं. पण नंतर ते आवाज काढून त्यावर सनई घालत बसायचं काम माझं. नानांचाच तसा हुकूम होता. "माहा आवाज काढून टाक. लोकाइच्या लग्नात माहं काय काम?" जवळपासच्या लग्नांना ते बायकोला, आमच्या नानींनाही सोबत न्यायचे. वऱ्हाडात नानी पाहुण्या म्हणून मिरवायच्या आणि नाना कॅमेऱ्यामागून त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, कारण नानींना साखरेचा आजार होता आणि बुंदीच्या लाडवावर त्यांचा भारी जीव.

सुलतानपूरच्या वंदनाचं लग्न असंच पार पडलं. सीझनमध्ये आमच्याकडे कामं तुंबायची, तिची सीडीही राहिली होती. दिवाळी उलटली आणि एका दुपारी ती मलकापूरहून, सासरहून, एकटीच एसटीनं आली. तिचे वडील गेल्याचं आम्हाला तिच्याकडूनच कळलं. छातीत कळ आली आणि रानातून घरी आणेपर्यंत संपलं होतं.

"मले सीडी नको," ती म्हणाली. "फक्त बाबा नाचले ते द्या. मी तवा आत तयार होऊन राह्यली होती. साऱ्या गावानं पाह्यलं, मीच नाही पाह्यलं."

तिचे वडील मोठे करडे गृहस्थ. हसणं त्यांच्या हिशेबातच नव्हतं. असा माणूस बँडसमोर नाचला, ही गोष्ट सुलतानपुरात आख्यायिका झाली होती. त्यांना नाचायला लावलं होतं नानांनीच.

मी मामाच्या फोल्डरमध्ये शोधलं. नव्हतं. आत्याकडे नव्हतं. नानांनी पंगत पाहिली. सगळे पाहुणे जागच्या जागी होते, हाकेला ओ देत होते आणि कुणाच्याच पोटात सुलतानपूरचं लग्न नव्हतं. कॅमेऱ्याचं कार्ड तर केव्हाच पुसून पुढच्या लग्नाला वापरलेलं. वंदना स्टुलावर बसून आमच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी नाना म्हणाले, "पोरी, तू नानीजवळ जाऊन जेवून घे. मी पाह्यतो." आवाजात काही दम नव्हता.

ती गेल्यावर मला काही सुचेना, म्हणून मी आपली जुनीच तक्रार काढली. कॉम्प्युटरची आतली डिस्क भरत आली होती, आणि आम्ही तर तिच्यात काहीच ठेवत नव्हतो. "नाना, ही का भरली ते तरी सांगा. मी कधीची बोंबलतेय."

नाना तंबाखू मळत होते. हात थांबला.

"खानारं कोनी दिसत नाही अन् डब्यातलं पीठ संपून राह्यलं," ते हळूच म्हणाले. "सुनंदे, त्या लग्नाहून आलो तवा लाईन होती का व?"

नव्हती. ते मला पक्कं आठवत होतं, कारण भर उन्हात भारनियमन होतं आणि मी वहीनं वारा घेत बसले होते. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालायचा. मामाचा प्लग मात्र साध्या बोर्डात होता. इन्व्हर्टरच्या बोर्डात जागा होती, पण तिथे नानांचा पंखा असायचा. दोन लग्नांचं जागरण करून नाना आले, तशाच वेळी त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि कार्डावरचं सगळं मामाच्या फोल्डरमध्ये टाकलं. मामा तेव्हा बंद पडलेला. जगाला पंगत पाहायला लावणारा माणूस त्या दिवशी स्वतः न पाहताच वाढून मोकळा झाला होता.

"म्हणजे रिकाम्या पाटावर, कॉम्प्युटरच्याच पोटात वाढलं?" मी विचारलं.

"हाव. अन् दुसऱ्या दिवशी लाईन आली, तं मामा येऊन त्याच्यावरच बसला! लाडू कुठं गेले, लाडू कुठं गेले करून आपन सारं घर धुंडून राह्यलो, अन् लाडू पाहुण्याच्या बुडाखाली!" नाना खुर्चीवरून जवळजवळ उडालेच. "उठव त्याले! उठव आधी मामाले!"

मी मामाला उठवलं, म्हणजे 'यूमाउंट' केलं. फाइंडमाउंटला मामाचं नाव विचारलं. ओ आली नाही. त्या गप्प बसण्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. मग तोच फोल्डर उघडला, आणि त्या रिकाम्या म्हणवणाऱ्या पाटावर सुलतानपूरचं अख्खं लग्न वाढलेलं होतं.

वंदनाला बोलावलं. पडद्यावर तिचे वडील हात मागे बांधून उभे होते आणि कॅमेऱ्यामागून नाना त्यांना डिवचत होते, "काका, पोरीच्या लग्नात नाही नाचसान तं का माह्या लग्नात नाचसान?" काका लाजले, आणि मग दोन्ही हात वर करून असे काही नाचले की बँडवाल्याचा ताल चुकला. वंदना हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी सवयीनं म्हटलं, "नानांचा आवाज काढून देते." तिनं माझा हात धरला. "ताई, काईच कापू नका. जसं हाये तसंच द्या." मग आम्ही दिलं तसंच. दुसऱ्या दिवशी मामाचा प्लग इन्व्हर्टरवर गेला आणि नाना पुढचा उन्हाळाभर वर्तमानपत्रानं वारा घेत बसले.

पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. तिथे एका कचेरीत मोठमोठे सर्व्हर सांभाळायचं काम मिळालं. कुणी घाबरंघुबरं होऊन "डेटा गेला" म्हणत आलं, की माझ्या तोंडून अजूनही निघतं, "पंगत पाहिली का?" पुण्याचे लोक ऐकून हसतात. पण आधी पाहतात.

गेल्या साली नाना गेले. मी भेटायला बीबीला गेले तेव्हा नानी ओट्यावर बसल्या होत्या. स्टुडिओ बंद झाला होता, डिस्क भंगारात गेल्या होत्या. नानी म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याचे आवाज ठेवले यायनं. यायचा सोताचा काईच नाही वो. साऱ्या लग्नात सनईच वाजते." ती सनई मीच घातलेली.

तेवढ्यात दारात वंदना आली. बातमी तिलाही लागली होती. तिनं नानींचं बोलणं ऐकलं, शेजारी बसली आणि मोबाईल काढून पुढे धरला.

काका लाजले, नाचले, ताल चुकला. स्टुडिओत आम्ही तिथेच थांबवलं होतं. पुढचं पाहायला तेव्हा कुणाला भान होतं? नाच संपला तरी नाना कॅमेरा बंद करायला विसरले होते. पडद्यावर मांडवातली माती आणि लोकांचे पाय हलत होते, आणि त्यावर नानांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत असलेला.

"अबे, आमची मंडळी जेवाले बसली का? पाह्य जरा. अन् तिच्या पानात लाडू नको वाढू, शुगर हाये तिले."

नानी मोबाईलकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हसल्या.

"पाह्य," त्या मला म्हणाल्या, "गेले तरी मले लाडू खाऊ देत नाहीत."