पांढऱ्या रश्श्यातलं पित्त

बकऱ्याच्या पित्तानं लुगड्यावरचा तेलाचा डाग जातो. हे मी स्वतः करून बघितलंय. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं!

रेशनिंग नुकतंच उठलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला, शालनला, बघायला कोडोलीची मंडळी जेवायला येणार होती. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, हे तिसरं. सकाळी मटण आणायला गेलो, तर आमचा खाटीक बापूभाई काळजापासनं एक हिरवी पिशवी सोडवत म्हणाला, "ह्ये पित्त ने की घरला, डाग घालवायला. चरबीला पाण्यात मिसळून टाकतंय. आपल्या पोटातबी ह्येच काम करतंय, म्हणून तर मटण पचतंय."

घरी आलो तर बायको इरकली लुगड्यावर तेल सांडून रडकुंडीला आलेली. मी पित्त चोळलं, धुतलं, डाग गायब!

"बघ! डोकं लागतंय," मी म्हणालो. (डोकं बापूभाईचं. पण तो कुठं ऐकायला होता!)

पावणं आले. मुलाचे वडील पाटावर बसता बसताच म्हणाले, "रस्सा जरा बेतानं वाढा. आमास्नी तेलकट पचत न्हाय."

झालं! माझ्या डोक्यात उजेड पडला. पोटात पित्त कमी पडत असंल, तर वरनं घालावं! गुपचूप चुलीकडं गेलो आणि शालनच्या पांढऱ्या रश्श्यात वाटीत उरलेल्या पित्ताचे दोन थेंब सोडले. मग पावण्यांच्या पोटाचा घेर आठवला आणि अख्खी वाटीच उपडी केली.

पहिला भुरका मारून वडिलांनी डोळे गच्च मिटले. मुलानं वाटी लांब सारली. मुलाची आत्या म्हणाली, "रस्सा कुणी केलाय म्हणायचा?"

"मुलीनंच की," मी म्हणालो. (खोटं नव्हतं!)

"ईख कालवलंय काय त्यात? कडूजहर लागतंय!"

आत शालन हुंदके द्यायला लागली. तिसरं स्थळबी चाललं! आणि मी शूर माणूस, मान खाली घालून भाकरी मोडत बसलो. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"वन्सं, रडू नगासा," ती आत बघून म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "अवं, वाटीतलं पित्त कुठं गेलं?"

"मला काय म्हाईत?"

"मग बोटं हिरवी कशानं झाली तुमची?"

सगळं सांगावं लागलं. पचावं म्हणून घातलं, हेसुद्धा.

वडील माझ्याकडं वळले. "म्हंजे लुगडं धुतलं त्येनंच आमचं पोट धुवाय निघालासा व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

आत्या फिसकन हसली. मग सगळेच.

"पोरगी पसंत हाय," वडील डोळे पुसत म्हणाले. "भाऊ न्हाय पसंत. पण त्येला कुठं नांदवायचाय आमाला!"

सगळ्यांत मोठ्यांदा हसली ती माझी बायको. पुढं जन्मभर, पावणं दारात आले की आधी मला चुलीपासनं उठवायची, मग पाट मांडायची. गेल्या आषाढात ती गेली. आता मला चुलीपासनं उठवणारं कुणी नाही. आणि माझ्या हातचं जेवायला पावणंबी येत नाहीत. शहाणी माणसं!