पाय ठेवला की कुरकुर

आमचा धंदा घरात लाकडी फ्लोअरिंग बसवायचा. पण खरं सांगू? बसवायला बोलावतात त्यापेक्षा जास्त वेळा त्याची कुरकुर थांबवायलाच बोलावतात! मी आणि सुनील मिस्त्री नाशिकभर लोकांच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर रांगत असतो. त्यात किस्से असे साठतात, की भुसा परवडला. तो निदान झाडून टाकता येतो.

* * *

गंगापूर रोडच्या एका काकूंकडे फळ्या फुगून एकमेकींना रेटत होत्या. सुनीलने विचारलं, "काकू, पुसता कशाने?"

"पुसते कसली? बादलीने धुते! घर स्वच्छ नको?"

मी लाकूड, पाणी, फुगणं, सगळं समजावलं. फडकं घट्ट पिळून नुसतं फिरवायचं, बास. काकूंना एकदम पटलं. त्यांनी तिथल्या तिथे कामाच्या मावशींना हाक मारली.

"ऐकलंत ना? उद्यापासून फडकं घट्ट पिळायचं. आणि पुसून झालं की वरून दोन बादल्या मारायच्या!"

* * *

बँकेतल्या एका साहेबांना कुरकुरीचं निदान फोनवरच हवं होतं. मोबाईल जमिनीवर ठेवून त्यांनी शेजारी येरझाऱ्या घातल्या.

"आला का आवाज?"

"आला साहेब, पण प्रत्यक्ष बघावं लागेल."

"थांबा, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो."

"आवाजाचा?"

फोटो आला. फळीवर ठेवलेला साहेबांचा उजवा पाय, आणि खाली मेसेज : 'वाजतानाचा आहे.'

* * *

दिंडोरीचे एक आप्पा, द्राक्ष बागायतदार. नव्या बंगल्यात बेडरूमला लाकडी जमीन. गेल्या गेल्या म्हणाले, "आवाज लय वाढलाय. बुरशी तर नाय ना?"

बुरशी कसली! दोन फळ्या सांध्यात घासत होत्या. सुनील म्हणाला, "आप्पा, तात्पुरतं सांध्यात टाल्कम पावडर टाकली तरी आवाज बसेल."

आप्पांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "लिटरला किती ग्राम?"

"पाण्यात नाही हो, कोरडीच टाकायची."

"म्हंजे धुरळणी! मंग तसं बोला ना, राव!"

* * *

एका डॉक्टरांच्या फ्लॅटमध्ये कोपरा वाजायचा. वास्तुतज्ज्ञ आले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ईशान्य रडतेय. इथे जड सोफा ठेवा." सोफा ठेवला. आता तिथे पाय कोण ठेवणार? आवाज बंद! डॉक्टरांनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

काही दिवसांनी त्याच वास्तुतज्ज्ञांचा मला फोन.

"आमच्याकडे फार करकरतंय हो. जरा स्क्रू मारून द्याल?"

"सोफा नाही का तुमच्याकडे?"

"अहो, किचनमध्ये जायची वाट आहे ती! आणि हो, तुमच्या गाडीवर फ्लोअरिंगचा बोर्ड आहे ना? गाडी पलीकडच्या गल्लीत लावा."

* * *

गेल्या हिवाळ्यात एका आयटीवाल्याने बोलावलं. तो घरून काम करायचा. "मीटिंग चालू असली की बाबा फेऱ्या मारतात. क्लायंटला वाटतं, मी जहाजावर राहतो!"

आम्ही हॉलच्या फळ्या उचकटल्या, खाली नवा फोम घातला, मुख्य दारापाशी फळ्या स्क्रूने आवळल्या. घर चिडीचूप. आयटीवाला खूश.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या आईचा फोन. "दारापाशची फळी होती तशी वाजती करून द्याल का?"

सुनीलला वाटलं चेष्टा करतायत. तरी गेलो.

काकू दारातच उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना हल्ली काही आठवत नाही. दिवाळीपासून मलाही 'अहो बाई' म्हणतात. दार उघडतात आणि चालायला लागतात. फळी वाजली की मी हातातलं टाकून पळत यायचे. परवा वाजली नाही. चौकातल्या फुलवाल्याने ओळखलं म्हणून, नाहीतर..."

मुलगा मोबाईल हातात धरून मागे उभा होता.

सुनीलने स्क्रू काढले, फोम सोलला, फळी सैल केली. "बघा काकू. एवढा पुरे का?"

काकूंनी पाय ठेवला. कर्रर्र!

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "सिंधू, बाहेर निघालीस का? स्वेटर घाल गं!"