सुशिलाबाई शेवटी बोलल्या

चिचगडच्या जंगलाला लागून असलेल्या त्या गावात सरपंच सुशिलाबाई मडावींचं तोंड बंद पाहिलेला माणूस नव्हता. झोपेतही त्या कुणाला तरी हातपंपावरून झापत असतात, असं त्यांचे यजमान उदाराम सांगत.

पण जंगलातल्या चारोळीच्या झाडांपुढे या तोंडाचं काही चालेना. दुसऱ्याच्या आधी आपण तोडावी म्हणून सारं गाव हिरवीगार फळंच ओरबाडायचं, घाईत फांद्याही मोडायचं. कच्च्या बीला व्यापारी मातीमोल भाव द्यायचा. गेल्या उन्हाळ्यात बाईंनी फलक लावला, दंड जाहीर केला, भोंग्यावरून भाषण ठोकलं. भाषण संपेतो निम्मी झाडं बोडकी! आणखी एक उन्हाळा असा गेला, तर झाडंच उरणार नव्हती.

गावाचं देवकार्य पाहणारा म्हातारा भुमक मंगरू म्हणाला, "बाई, आपल्यात नवं फळ देवाले चढवल्याबिगर कोनी चाखे का? अन् ठरवे कोन? सारा गाव. एकजन बी नाई म्हने तवरिक सभा उठत नोहोती. मुखिया बोले सगळ्यात शेवटी."

"शेवटी?" बाईंना घाम फुटला. लहानपणीच्या त्या सभा त्यांनाही आठवत होत्या. एवढाच भाग सोयीने विसरला होता.

देवाला चढवेपर्यंत चारोळी तोडायची नाही, हे ठरवायला मोहाच्या झाडाखाली सभा भरली. बाईंनी तोंडात सुपारी धरली. रामलाल उठला.

"मी थांबीन जी. पन सरपंचबाईचा नवराच पहाटे तोडून नेईन तं? गेल्या साली पयला कोन गेलता?"

हशा पिकला. बाईंच्या जिभेवर उत्तरांची रांग लागली. सुपारी कडाकड फुटली, शब्द मात्र सुटला नाही. बायकोचं बोलणं पचवायची उदारामला सवय होती. हे गप्प बसणं त्याला झेपेना.

"मीच गेलतो," तो उठून म्हणाला. "यंदा देवाच्या आधी हात लावला तं मले पंगतीत बसवू नोका."

"माह्या घरचंबी तसंच," नंदाबाई म्हणाल्या. मग एकेक जण कबूल होत गेला. उरला रामलाल. ऊन कललं, तरी कुणी उठेना.

"व्हय म्हन ना बाप्पा, भूक लागून राहिली!" मागून कुणीतरी रामलालवर खेकसलं.

"बरं, व्हय. पन राखनीले मीच जाईन. माहा दुसऱ्यावर भरोसा नाई."

"जाय!" सारं गाव ओरडलं.

मग सुशिलाबाई बोलल्या. "ठरलं."

पूजेच्या दिवशी ढोल वाजवत गाव जंगलात शिरलं, तर झाडं काळ्याभोर फळांनी वाकलेली! पोरांची तोंडं जांभळी झाली, टोपल्या भरल्या. व्यापारी आला. त्याने नंदाबाईंना बाजूला घेऊन भाव विचारला, मग रामलालला गाठलं, मग उदारामला.

तिघांनी सभेत ठरलेला एकच भाव सांगितला. मुकाट्याने त्याने काटा लावला.