हानी शून्य

भूमापन कचेरीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. नकाशे काढण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि चढउताराच्या रेषा तो इतक्या बारीक ओढायचा की तपासायला साहेबांना भिंग काढावं लागे. नाव टोमणा म्हणूनच पडलं होतं, पण त्यानं ते पदवीसारखं मिरवलं. चूक स्वतःची असो की दुसऱ्याची, त्याला खपत नसे. दुसऱ्याची तर जरा जास्तच.

घरी त्याला एकच नाद होता, युद्धाच्या पटांचा. जाड पुठ्ठ्यावर नकाशा, नकाशावर षटकोनी घरं, आणि एकेका तुकडीची एकेक चौकोनी सोंगटी. दोघांनी समोरासमोर बसायचं, चाल करायची, फासा टाकायचा आणि कोण टिकलं, कोण हटलं ते नियमांच्या वहीत बघायचं. दुकानात मिळणारे पट त्याला पोरखेळ वाटायचे. शेवटी चाळिशी उलटल्यावर त्यानं स्वतःचाच एक करायला घेतला. लढाई निवडली ती तो शाळेत असताना झालेली, एका घाटातली. तिचा सरकारी अहवाल त्यानं कचेरीच्या ग्रंथालयातून मिळवला, पानन् पान उतरवून घेतला, आणि घाटातला रस्ता वळणावळणासकट नकाशावर आणला. ओढे, पूल, रस्त्याखालच्या मोऱ्या, काही म्हणून सोडलं नाही.

खेळून बघायला जोडीदार हवा होता. तो घरातच सापडला. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, बस डेपोत मेकॅनिक होते. हात कितीही घासले तरी त्यांच्या नखांतलं काळं जात नसे. तरुणपणी ते सैन्यात लॉरी चालवायचे, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढे कोणी विचारलं नव्हतं आणि ते आपणहून बोलणाऱ्यातले नव्हते. मिलिमीटरची अशी समजूत होती की लॉरीवाला म्हणजे लढाईपासून लांब, मागे कुठेतरी, तांदळाच्या पोत्यांबरोबर.

चार वर्षं दर रविवारी दुपारी दाजी यायचे. चष्मा पुसायचे, सोंगट्या मांडायचे आणि अगदी सावकाश खेळायचे. पटावर दिवसाचे डाव वेगळे, रात्रीचे वेगळे. दाजी रसदीच्या लॉऱ्या फक्त रात्रीच्या डावात हलवत. नियमाप्रमाणे त्यात काडीचा फायदा नव्हता, उलट रात्री चाल दोन घरं कमी पडायची. मिलिमीटर चेष्टा करायचा, की दाजी, तुमच्या लॉऱ्यांना ऊन लागतं का? दाजी हसून तसंच खेळायचे. बहुतेक वेळा हरायचेही.

पट पुरा झाला तेव्हा वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो खेळून दाखवायचं ठरलं. असे खेळ खेळणारी गावातली पाच-सहा मंडळी तिथे शनिवारी जमायची. मिलिमीटर नव्या शर्टात गेला. समोर बसायला दाजींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मंडळींनी नकाशा डोक्यावर घेतला. पण त्यांतला औषधांचा दुकानदार चिकित्सक होता. नियम चाळता चाळता त्यानं विचारलं, विमानांचा हल्ला एवढा मिळमिळीत का? सहा पडले तरच एका सोंगटीला धक्का, एरवी काहीच नाही. मग विमानं ठेवायचीच कशाला?

मिलिमीटर याचीच वाट बघत होता. त्यानं वही उघडली आणि अहवालातले आकडे वाचून दाखवले. रस्त्यावरच्या पायदळावर आणि गाड्यांवर विमानांनी किती फेऱ्या मारल्या, त्यात किती माणसं गेली, किती गाड्या जळाल्या. आकडे खरोखरच किरकोळ होते. विमानांचा गाजावाजाच फार, असं त्याचं म्हणणं. नमुन्यादाखल त्यानं एक ओळ वाचली. घाटातला रस्ता, तिसरा दिवस, सकाळ. हवाई हल्ले दोन. हानी शून्य.

"शून्य नाही होत ते," दाजी म्हणाले.

खोलीत त्यांचा आवाज सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकला. मिलिमीटरनं विचारलं, शून्य नाही तर किती? दाजींनी एक सोंगटी उचलली, बोटांत फिरवली. ते म्हणाले, मेले किती एवढंच बघून चालत नाही, थांबले किती तेही बघायला हवं. विमान येऊन जातं, पण माणूस लगेच उठत नाही. मिलिमीटरनं पुन्हा आकडा मागितला. दाजींकडे आकडा नव्हता. ते काहीतरी जुळवत होते, शब्द सापडत नव्हते, आणि मंडळी खोळंबली होती. चार वर्षांच्या कामावर चारचौघांत पाणी पडतंय असं मिलिमीटरला वाटलं आणि जीभ घसरली.

"मग काय करू दाजी? भित्र्यांसाठी वेगळा नियम लिहू?"

मंडळी हसली. दाजीही हसले. हातातली सोंगटी त्यांनी होती त्या घरात ठेवली, उरलेला डाव नीट खेळून संपवला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. गुडघा दुखतोय असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारी डेपोत काम निघालं. तिसऱ्यांदा निरोपही आला नाही. बायकोनं चारदा सांगितलं, जाऊन या, दोन शब्द बोला. मिलिमीटर म्हणायचा, मी काय असं मोठं बोललो? गंमत ती. खरं तर त्याला माहीत होतं. पण एक रविवार टळला की दुसरा टाळणं सोपं जातं, आणि बघता बघता सहा वर्षं झाली. ताईकडे जाणं-येणं कार्यापुरतं उरलं. तिथे दाजी भेटायचे, तब्येत विचारायचे, चहा पुढे करायचे. पटाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मग दाजी जिन्यात पडले. कंबर धरली, आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावर जायचं ठरलं. सामान बांधायला मिलिमीटर गेला. दाजी आतल्या खोलीत झोपले होते. स्वयंपाकघरात ताई कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती, तो खोक्यात रचत होता. डोकं वर न करता ताईनं विचारलं, "तू त्यांना भित्रा म्हणालास का रे?"

त्यानं हातातली बशी खोक्यात ठेवली. हो म्हणाला.

मग ताईनं सांगितलं. तिला स्वतःलाही ते लग्नानंतर पंचवीस वर्षांनी, दाजी तापानं फणफणले असताना कळलं होतं. वर डोंगरावर एक तुकडी अडकली होती. तिच्यासाठी पाणी आणि दारूगोळा घेऊन तीन लॉऱ्या घाट चढत होत्या. मधली दाजींची. सकाळी विमानं आली, गेली, पुन्हा आली. सगळा खेळ दहा मिनिटांचा. एकाही लॉरीला ओरखडा नाही, एकाही माणसाला खरचटलं नाही. पण सगळे जे रस्त्याखालच्या मोरीत शिरले ते सूर्य मावळेपर्यंत बाहेर आले नाहीत. आकाश दिवसभर मोकळं होतं. दाजींनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, पाय उचलले नाहीत. अंधार पडल्यावर ते वर पोचले तेव्हा तुकडीत कोणी उरलं नव्हतं. त्यांच्याबरोबर भरती झालेला त्यांचा दोस्त त्या तुकडीत होता.

मिलिमीटर खोकी बांधून घरी आला आणि त्यानं अहवालाची वही काढली. तिसरा दिवस, सकाळ. ती ओळ त्याला तोंडपाठ होती. त्याच पानावर खाली आणखी एक तक्ता होता, चालू स्थितीत सोडून दिलेल्या वाहनांचा. आकडा मोठा होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, अज्ञात. हा तक्ता त्यानं स्वतःच्या अक्षरात उतरवला होता आणि एकदाही वाचला नव्हता. मोरीसुद्धा त्याच्या नकाशावर होती. दोन बारीक रेघा, अचूक जागी.

महिनाभर खपून त्यानं नियम बदलला. विमानं आली की फासा काही का पडेना, रस्त्यावरची सोंगटी पालथी करायची. दिवस संपेपर्यंत तिनं हलायचं नाही. मग पट काखोटीला मारून तो तळमजल्यावरच्या नव्या घरी गेला. दाजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यानं आधी माफी मागितली, वाक्य पाठ करून आला होता तरी अडखळत. मग नियम वाचून दाखवला. दाजींनी लक्ष देऊन ऐकला.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी सांगणारच होतो. घरून ठरवून निघालो होतो. चार वर्षं तुझ्यासमोर बसून बसून वाटलं होतं, याला सांगता येईल."

मिलिमीटर म्हणाला, "आता सांगा. मी ऐकतो."

दाजींनी मान हलवली. आता नको, म्हणाले. आता सगळं नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते ताईनं तुला सांगितलंच आहे. त्यांनी पट बघितला, नकाशाचं मनापासून कौतुक केलं, खेळायला मात्र नको म्हणाले. नजर पोचत नाही.

त्यानंतर मिलिमीटर दर रविवारी जात राहिला. दोघं डेपोबद्दल बोलायचे, कंबरेबद्दल, ताईच्या रक्तदाबाबद्दल. दाजींनी आकस धरला नव्हता, हेच त्याला जास्त लागायचं. दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ताई त्यांचं कपाट आवरत होती. कपड्यांखाली सैन्यातला एक फोटो मिळाला, लॉरीच्या फळीवर बसलेली सात-आठ पोरं. दाजी ओळखू आले. ताईनं फोटो भावापुढे धरला.

"यातला तो कोण रे? त्यांचा दोस्त? तुला कधी नाव बोलले होते?"

मिलिमीटरनं भिंगाखाली एकेक चेहरा बघितला. नाही म्हणाला.

"मलाही नाही. नुसतं 'तो' म्हणायचे," ताई म्हणाली, आणि तिनं फोटो पुन्हा कपड्यांखाली ठेवला.