ओटीतले केळीचे कंद

लग्न होऊन मी सिंदीकडच्या सासरी आले, तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. आमच्या माहेरी लेकीची ओटी भरताना केळीचे कंद घालायची रीत. पवनारच्या माझ्या बाबांनी तर पोतंच भरून दिलं. सासऱ्यांनी ते विहिरीजवळच्या जुन्या केळीच्या बागेशेजारी हौसेने लावले. घराचा सगळा भरवसा जमिनीच्या त्या एका तुकड्यावर होता.

पावसाळ्यात एके दिवशी बाबा सायकल हाणत दारात हजर. चहाला हात लावेनात. त्यांच्या बागेत रोग शिरला होता. नवी पानं आखूड, अरुंद निघायची, शेंड्याला ताठ गुच्छ व्हायचा आणि घड धरायचाच नाही. शेतकी खात्याच्या माणसाने सांगितलं होतं, रोग कंदातूनही जातो आणि वरून काही कळत नाही.

“इवाई, ते कंद आजच्या आज उपटून टाका,” बाबा सासऱ्यांना हात जोडून म्हणाले.

सासरे हसले. “लेकीच्या ओटीतलं कोनी उपटते काय? भलतंच बोलून राह्यले तुम्ही.”

मी काही भित्री नव्हते. विंचू चपलेने ठेचणारी मी, पण केळीचं पान उलगडताना बघून छातीत धडधडायचं. रोज सकाळी पाणी शेंदायच्या निमित्ताने जायचे, प्रत्येक शेंडा बघायचे. पान लांब सुटलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

मग एक पान आखूड आलं. पुढचं त्याहून आखूड. मी बोंबलतच घरी पळाले, पण तोवर माव्याच्या किडीने रोग जुन्या केळीवरही नेला होता. सासऱ्यांनी सगळी बाग खोदून जाळली. आता माहेरचा उद्धार होणार म्हणून मी चुलीपुढे तोंड लपवून बसले होते.

सासूबाई जवळ आल्या. “तुह्या बापाले सांगजो, बाग चांगली हाये. थो मानूस हाय खाऊन मरन.”

सणाला माहेरी गेले तेव्हा मी तसंच सांगितलं. बाबांचा चेहरा एकदम खुलला.

“वाचलो, माय! माह्या इथं एक झाड राह्यलं नाई. पुढच्या खेपेले तिथले कंद घेऊन येजो, त्याचीच बाग लावतो.”

बाग चांगली आहे, एवढंच सासूबाईंनी शिकवलं होतं. पुढचं काही शिकवलं नव्हतं.