वायरमन खांबावर असताना

मिरजोळ्याजवळच्या सबस्टेशनात मी ऑपरेटर म्हणून लागलो, तेव्हा अर्ध्या तालुक्याचा उजेड माझ्या बोटावर आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आमच्यातला नियम साधा. ज्या वायरमनने लाईन बंद करून तिच्यावर काम करायचं परमिट घेतलं, त्यानेच काम संपल्यावर स्वतःच्या तोंडाने "सोडा" म्हणायचं, मगच वीज सोडायची. दुसऱ्या कुणाचाही शब्द चालत नाही. परीक्षेत हे उत्तर मी न अडखळता लिहिलं होतं.

एका सकाळी वाऱ्याने हातखंब्याकडच्या लाईनवर फांदी पडून इन्सुलेटर फुटला. निवृत्तीला टेकलेला आमचा वायरमन परमिट घेऊन गेला. इकडे फोनवर फोन. मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पाच मिनिटांत लाईट येईल' असं ठोकून दिलं. लगेच जोडलेले हात, फुलं, 'साहेब ग्रेट'. मी काही साहेब नव्हतो, पण कुणाची चूक सुधारायला गेलो नाही. पाचाची पन्नास मिनिटं झाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. तेवढ्यात वाडीतल्या एकाचा फोन आला, "ओ साहेब, तुमचा मानूस उतारला खाली. सोडा लायन."

मी सोडली. त्याच क्षणी ब्रेकर ट्रिप होऊन लाईन आपोआप बंद पडली. माझ्या मनात पहिला विचार कुठला यावा? आता ग्रुपवर काय तोंड दाखवू! पुन्हा सोडायला हात उचलला, तोच वायरमनचा फोन. तो एका खांबावरून उतरून दुसऱ्यावर चढला होता. कामाला हात घालण्याआधी तारा साखळीने जमिनीला जोडायच्या ही त्याची सवय, म्हणून वीज त्याच्यातून न जाता साखळीतून गेली.

"कोनी सोडली लायन?"

"मी."

तो म्हणाला, "माजा फोन येयपरयंत दोनी हात मांडीखाली घेवन बस."

मी खरोखर तसा बसलो. थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला. वायरमनची बायको होती, त्याचा मोबाईल लागत नव्हता म्हणून इथे केलेला.

"लाईट आली नाय तरी चालंल, पन ह्यांना जेवाया धाडा. भात निवतोय."

"धाडतो, काकी," म्हणालो. फोन ठेवला, हात परत मांडीखाली घातले आणि हमसून हमसून रडलो.